आजीच्या इरकल लुगड्यातून लेकीचा फ्रॉक : कातर कुठून लावू?

शहापूरची_लेक
नमस्कार. माझ्या आजीचं, म्हणजे आईच्या आईचं, एक इरकल लुगडं माझ्याकडं आलंय. नऊवारी, अंग निळं, काठ लाल, पदर लाल-पांढरा. आजी जाऊन दोन वर्षं झाली. लुगडं तेव्हापासून ट्रंकेत घडी करून ठेवलंय, डांबराच्या गोळ्या घालून. ट्रंक उघडली की माझी चार वर्षांची लेक ते मांडीवर ओढून घेते आणि काठावरून बोट फिरवत बसते. गणपतीच्या दिवसांत तिनंच विचारलं, "पणजीचं मला शिवशील काय?" तेव्हापासून डोक्यात तेच.

नऊवारी मी नेसत नाही, माझी बहीणही नाही. ट्रंकेत राहिलं तर घडीवरच चिरून जाईल, हे कळतंय. पण कातर हातात घेतली की हात पुढं जात नाही. काल दोनदा जमिनीवर पसरलं आणि दोन्ही वेळा परत घडी घातली.

पायमशीन आहे घरी. उशांचे अभ्रे, ब्लाऊज सैल-घट्ट करणं, परकराला नेफा घालणं एवढं येतं. फ्रॉक कधी शिवलेला नाही. साधाच हवाय, बिनबाह्यांचा, कमरेला चुण्या, गुडघ्यापर्यंत. लेकीची मापं घेतलीत : छाती २२ इंच, खांदा साडेनऊ, खांद्यापासून कमर ९, खांद्यापासून गुडघा २२. दसऱ्याला घालायचाय. कुठल्या बाजूनं कापू, पदर वापरू का ठेवू, आणि अस्तर लागेल का, एवढं कुणीतरी नीट सांगा.

क्लासवाल्या_काकू
अगं, बेळगावात टिळकवाडीत मी बावीस वर्षं शिवणाचा क्लास घेतला. माझ्याकडं येणाऱ्या पोरींचं पहिलं चुकायचं ते इथंच, कापड पसरायच्या आधी कातर हातात. ती कपाटात ठेव आणि आधी लुगडं बाहेर काढ.

पहिलं काम हवा देणं. डांबराच्या गोळ्यांचा वास लहान लेकराच्या नाकातोंडापाशी अजिबात नको. चार-पाच दिवस सावलीत, वाऱ्यावर टाक. मग थंड पाण्यात एकटंच धू, रिठ्याच्या पाण्यात धुतलंस तर उत्तम. सोडा नको, गरम पाणी नको, पिळायचं नाही. धुवायच्या आधी काठाच्या कोपऱ्यावर ओलं पांढरं फडकं दाबून बघ. लाल रंग फडक्याला लागला तर पांढरं अस्तर विसर, लालच घे.

दुसरं काम उजेड. लुगडं दारात दोरीवर टाक, मागून ऊन येऊ दे आणि आतल्या बाजूला उभी राहून हात-हातभर सरकवत बघ. जिथं उजेड चाळणीसारखा दिसतो तिथलं कापड विरलंय. तेवढ्या भागाभोवती पांढऱ्या दोऱ्यानं मोठा धावदोरा घाल. खडूची खूण हाताळताना पुसते, दोरा राहतो. घडीच्या रेघा तर बोटांनी तपास. दोन्ही अंगठे रेघेच्या अल्याडपल्याड ठेवून हळूच ताण द्यायचा. बारीक "चर्र" ऐकू आलं तर ती रेघ फ्रॉकात येऊ द्यायची नाही.

हे झाल्यावर इथं लिही. मग कागद कापू.

येळ्ळूरची_आजी
(आजी सांगत्यात, मी नातू लिहितोय.)
पोरी, काप. आमच्यात बाळाला पयलं झबलं जुन्याचंच करायचे. आजीचं लुगडं न्हाईतर आज्ज्याचं धोतर, सतरांदा धुऊन लोण्यावाणी झालेलं. नवं कापड कोवळ्या अंगाला टोचतंय. माझ्या सहा लेकरांची झबली मी सासूच्या लुगड्याचीच केली, दुपटी बी त्याचीच. सासूबाई बघत बसायच्या आणि म्हणायच्या, माझं लुगडं रांगायला लागलं बघा. तुझ्या आज्जीला वाईट वाटायचं न्हाई.

कडोलीची_मीच
मी मात्र पदराबद्दल हात जोडून सांगते, त्याला लावू नका कातर. चार वर्षांपूर्वी आईचं इरकल मी एका दुकानात शिवायला दिलं होतं, मुलीचं परकर-पोलकं करायला. मी काठाचं सांगितलं, पदराचं सांगायचं राहिलं. त्यांनी पदर आणि अंग जिथं जुळतं त्याच्या दोन बोटं अलीकडून कापलं. पोलकं दिसायला सुंदर झालं. दुसऱ्याच धुण्यात तो सांधा उसवत गेला, लाल एकीकडं आणि निळं एकीकडं.

नंतर माझ्या मामींनी समजावलं तेव्हा कारण कळलं. इरकलीचा पदर अंगाबरोबर सलग विणलेला नसतो. पदराचा ताणा, म्हणजे उभे धागे, रेशमाचा, अंगाचा ताणा सुताचा, आणि दोन्ही ताण्यांचे फासे एकमेकांत अडकवून ती जोडणी करतात. त्याला टोपी-तेणी म्हणतात. अख्ख्या रुंदीभर ते फासे एकमेकांना धरून असतात. मध्येच कापलं, वर तीच शिलाई ठेवली, की धरणारं कुणी राहत नाही.

आईला हे मी अजून सांगितलेलं नाही.

शहापूरची_लेक
कडोलीच्या ताई, वाचून पोटात कालवलं. पदर ठेवतेय, ठरलं.

काकू, चार दिवस माळ्यावर वाऱ्याला टाकलं, मग धुतलं. लाल रंग थोडा लागला फडक्याला, अगदी गुलाबी. आज सकाळी पूर्वेच्या दारात धरून बघितलं. मधल्या भागात दोन-अडीच हात कापड विरलंय, तिथून आमच्या अंगणातली तुळस दिसत होती. एका काठाची कड सगळीकडं झिजलीय, सूत बाहेर आलंय. पण दुसरा काठ मात्र जसाच्या तसा, रंगही गडद. एकाच लुगड्याचे दोन काठ इतके वेगळे कसे?

निपाणीकर_मास्तर
ताई, जो काठ झिजलाय तो खालचा. टाचेला घासलेला, चिखलात भिजलेला, दगडावर आपटलेला. दुसरा वरचा, कमरेत खोचलेला असायचा, त्याला ऊन नाही, वारा नाही. म्हणून रंग राहिला. तुमच्या फ्रॉकाचा खालचा घेर त्या वरच्या काठाचा करा.

मी शाळेचे गणवेश शिवण्यात आयुष्य काढलं. मे महिना आला की रात्री अकरापर्यंत मशीन चालायची. माझा हिशेब कापडाचा असतोय, तेवढा सांगतो.

पदराच्या उलट टोकाकडून दीड वार मोजा. दीड वार म्हणजे ५४ इंच. तिथं आडवी एकच कातर. बास. नऊवारातलं दीड वार गेलं तर मागं साडेसात वार पदरासकट शिल्लक राहतंय, ते घडी करून ठेवा. आज्जीचं लुगडं "कापून टाकलं" असं होत नाही.

आता ते ५४ इंचाचं कापड. वरच्या काठाकडून साडेपंधरा इंच रुंदीची पट्टी काढा, ५४ लांब. हा झाला खालचा घेर. काठ खाली आला, त्याला किनार विणलेलीच आहे, म्हणून खाली दुमडायचं नाही आणि टीपही मारायची नाही. उरलेल्या कापडात पुढचा-मागचा वरचा भाग आरामात बसतो. उभं सूत खांद्याकडून कमरेकडं येईल असं ठेवा, आडवं ठेवलं तर जुनं कापड कमरेत ओढ खाऊन ताणतंय.

साडेपंधरा का, ते बघा. खांद्यापासून गुडघा २२, त्यातनं वरचा भाग ९ गेला, राहिले १३. वरच्या शिलाईला अर्धा. आणि दोन इंच वाढीचे. काठ खाली असल्यावर पुढच्या वर्षी खालून सोडायला काही राहत नाही की, म्हणून काठाच्या वर चार बोटांवर एक इंचाची आडवी टक, म्हणजे कापड दुमडून शिवलेली घडी, घालून ठेवायची. पोरगी वाढली की टक उसवायची, फ्रॉक दोन इंच लांब. आपल्याकडं परकराला पूर्वी अशाच दोन-दोन, तीन-तीन टका असायच्या.

क्लासवाल्या_काकू
मास्तर, दीड वाराचा हिशेब फार सुरेख. मी पट्टी-पट्टीत अडकले असते.

आता वरच्या भागाचा कागद. खाकी कागद घे. तरुण भारतचा अंक घरात असतोच, पण त्याची शाई हाताला लागते आणि तुझं अस्तर फिकं असलं तर त्यालाही लागेल.

कागदाला उभी घडी घाल, घडी म्हणजे पोटाचा मध्य. आपण अर्ध्याच अंगाचं काढतोय. घडीपासून आडवं : छातीचा चौथा भाग साडेपाच, त्यात सैलपणाला पाऊण, म्हणजे सव्वासहा. त्याच्या बाहेर शिलाईला एक इंच, कारण बाजूला दाब सोडला की पुढच्या वर्षी उसवून वाढवता येतं. खांदा साडेनऊचा निम्मा, पावणेपाच. त्यातून अर्धा इंच आत ये, बिनबाह्यांच्या फ्रॉकात खांदा थोडा आत असला की हात मोकळा. मुंढ्याची, म्हणजे हात जातो त्या गोलाईची, खोली साडेपाच. गळ्याची रुंदी घडीपासून सव्वादोन, पुढची खोली अडीच, मागची एक. खांद्याचा उतार पाऊण इंच दे. कमरेची उंची ९, वर-खाली अर्धा-अर्धा शिलाईला.

पुढचा-मागचा भाग एकाच कागदावरून निघतो. फरक फक्त गळ्याचा, आणि मुंढा पुढून पाव इंच जास्त कोरायचा. मागून गळ्याच्या मध्यातून खाली साडेचार इंचाची फट.

आणि लुगड्यावर जायच्या आधी हाच कागद जुन्या चादरीवर ठेवून एक अख्खा फ्रॉक शिव. कच्चा नाही, अख्खा. टाळू नकोस.

हिंडलग्याचा_बाबा
मी गुपचूप वाचत होतो. मीही लेकीसाठी शिवायला शिकतोय, तिची आई दिवसपाळीला असते आणि संध्याकाळी मशीन मोकळी असते. काकू, फट साडेचारच का? मागच्या महिन्यात मी तीन इंचाची ठेवली आणि फ्रॉक डोक्यातून गेला नाही. कपाळावर अडकला, लेक आत रडत होती. मला तो आवाज अजून आठवतो.

क्लासवाल्या_काकू
बाबा, हा हिशेब कुणी सांगत नाही म्हणून सगळ्यांचं अडतं. लेकराच्या डोक्याचा घेर टेपनं घे, भुवयांच्या वरून. चार वर्षांच्या मुलीचा साधारण २० इंच निघतो. मी वर दिलेल्या गळ्याचा घेर भरतो साडेबारा इंचाच्या आसपास. फट साडेचार, तिच्या दोन कडा मिळून ९. साडेबारा आणि नऊ, साडेएकवीस. डोकं जातं आणि वर दीड इंच राहतो. तुमच्या तीन इंचाच्या फटीत साडेअठराच भरले, म्हणून अडकलं.

फटीला वर एक गुंडी आणि दोऱ्याचा लूप. गळ्याला नाडी कधीच घालू नका, कुठल्याच लहान मुलाच्या. झोपाळ्याला, गेटला अडकते आणि गळ्याशी आवळते.

खानापूरकरीण
माझ्याकडं मशीन नाही. लाईट पण पावसात दिवस-दिवस जाते आमच्याकडं, म्हणून मी सगळं हातानंच शिवतो, दुपारी उजेडात उंबऱ्यावर बसून. दोन पोरींचे फ्रॉक असेच झाले. म्हणून विचारतो, जुन्या इरकलीला मशीनच कशाला? धावदोऱ्यानं शिवायचं आणि दर चार टाक्यांनी एक उलटी टीप घ्यायची, म्हणजे सुई एक टाका मागं नेऊन पुढं काढायची. मुंढा आणि कमरेला मात्र पूर्ण उलट्या टिपेनं. कापडाला सुई कुठं जड जाते ते बोटाला कळतंय, मशीनला कळत नाही. माझ्या थोरलीचा फ्रॉक धाकटीनं पण घातला, एक टाका सुटलेला नाही.

निपाणीकर_मास्तर
खानापूरच्या ताई बरोबर बोलल्या. मशीन घ्यायचीच असेल तर टीप मोठी ठेवा. नवीन कापडाला बारीक टीप शोभते, जुन्याला बारीक टीप म्हणजे टपालाच्या तिकिटाला भोकं पाडल्यासारखं, ओढलं की त्याच रेघेवर फाटतंय. सुई ११ नंबरची, नवी. दोरा सुती घ्या. पॉलिस्टरचा दोरा कापडापेक्षा ताकदवान असतो, ओढ बसली की दोरा राहतो आणि कापड चिरतं. उसवलं तर परत शिवता येतंय, चिरल्यावर काय करणार?

अस्तराबद्दल कुणी बोललं नाही अजून. वरच्या भागाला पूर्ण अस्तर पाहिजेच. मी तर खालच्या घेरालाही लावा म्हणेन.

क्लासवाल्या_काकू
घेराला नको मास्तर. चार वर्षांची पोर, दसऱ्याचं ऊन, दोन थरांच्या चुण्या कमरेला गोळा होतील. जाड होतं आणि टोचतं. घेरावर ओढ येत नाही, ओढ येते खांद्याला, मुंढ्याला आणि कमरेच्या सांध्याला. तेवढं अस्तरानं धरलं की पुरे.

निपाणीकर_मास्तर
पोरगी बसते कशावर, काकू? घेरावरच. गुडघ्यावर रांगत खेळणी ओढते ती पण घेरावरच. मी गणवेशात बघितलंय, मागचा घेर पहिला जातो.

क्लासवाल्या_काकू
हे मान्य. मग मधला मार्ग. मागच्या घेराला आतून कमरेपासून आठ इंचाचंच अस्तर, खाली मोकळं. चुण्या पुढून हलक्या राहतील.

निपाणीकर_मास्तर
जमलं.

शहापूरची_लेक
दोघांचे आभार. हेच करते. अस्तराला लाल मलमल आणली खडे बाजारातून, दीड मीटर.

क्लासवाल्या_काकू
आणलीस ती रात्रभर पाण्यात भिजत घाल, वाळव, इस्त्री कर, मगच काप. तुझं लुगडं शंभर वेळा धुतलंय, ते आता आटणार नाही. मलमल नवी आहे, ती आटणार. न भिजवता जोडलीस तर पहिल्या धुण्यानंतर वरचं कापड फुगून सुरकुत्या येतील आणि त्या कुठल्याच इस्त्रीनं जाणार नाहीत. आणि त्याच पाण्यात बघ लाल सुटतोय का.

शहापूरची_लेक
सुटला होता काकू, तीन पाण्यात स्वच्छ झाला. मलमल लांबीत जवळजवळ दोन बोटं आटली. भिजवली नसती तर काय झालं असतं!

पण मी आज हबकलेय. चादरीचा फ्रॉक काल रात्री शिवून झाला. सकाळी घालायला गेले तर छातीत इतका घट्ट की मागची फट उघडी ठेवूनही तिला खाली ओढता येईना. हात वर केले की सगळा फ्रॉक वर. कागद पाच वेळा मोजला, सव्वासहा बरोबर आहे.

हिंडलग्याचा_बाबा
ताई, कापड किती कापलंत? सव्वासहा का सव्वासात?

शहापूरची_लेक
सव्वासहा. अरे देवा. शिलाईचा इंच धरलाच नाही मी.

हिंडलग्याचा_बाबा
मग बघा, सव्वासहातून अर्धा इंच शिलाईत गेला. राहिले पावणेसहा. चार पट केले की २३. छाती २२, म्हणजे अख्ख्या अंगाला एकच इंच सैल. धावायला, वाकायला तीन तरी लागतातच. काकूंच्या मापानं शिलाई जाऊन सव्वासहा राहायला हवेत, म्हणजे २५ भरतात.

क्लासवाल्या_काकू
बाबा, तुम्ही माझ्या क्लासला यायला हवं होतं.
पोरी, चादरच गेली ना? मग रडायचं कारण नाही. कागदावर दोन रेघा काढ. आतली रेघ अंगाची, निळ्या पेननं. बाहेरची कातरीची, लाल पेननं. लाल रेघेवर कापायचं, निळ्या रेघेवर टीप. घरात शिवणाऱ्या निम्म्या बायका एकच रेघ काढतात आणि डोक्यात बेरीज करतात, ती बेरीज रात्री दहानंतर चुकते.

शहापूरची_लेक
दुसरी चादर झाली. बसला! हात वर करते, उड्या मारते, जमिनीवर फतकल मारून बसते, कुठं ओढत नाही. तो चादरीचाच घालून आज शेजारी दाखवायला गेली.

उद्या सकाळी लुगडं. आईला बोलावलंय.

शहापूरची_लेक
कापलं.

आईनं पदर हातात धरून ठेवला होता, मी उलट टोकाकडून टेप लावला. ५४ इंचावर एक आडवं सूत ओढून काढलं म्हणजे सरळ रेघ मिळते, हे आईनं सांगितलं. ते सूत निघताना निळं कापड किंचित गोळा झालं आणि मग त्या जागी केसाएवढी पांढुरकी वाट दिसायला लागली. त्या वाटेवरून कातर गेली. आवाज अगदी कमी आला, विरलेल्या कापडाचा येतो तसा. आई काही बोलली नाही. कापून झाल्यावर तिनं उरलेलं साडेसात वार स्वतः घडी केलं, पण पूर्वीच्या घडीवर नाही, रेघा बदलून. म्हणाली, दर दोन-तीन महिन्यांनी घडी मोडून दुसरीकडं घालत जा, एकाच रेघेवर राहिलं की तिथंच चिरतं.

त्या टोकाकडच्या कोपऱ्यात, काठालगत, आजीनं केलेला एक रफू सापडला. नखाएवढा. लाल सुताच्या जागी तिच्याकडं गुलाबी असावं, त्यानंच केलाय. तो मी घेरात घेतलाय, पुढच्या बाजूला.

खानापूरकरीण
पुढंच ठेव. छान केलंस.

येळ्ळूरची_आजी
(नातू.) आजी डोळं पुसायलीय. म्हणत्यात पोरीला माझा मुका.

शहापूरची_लेक
आता अडलंय ते चुण्यांवर. ५४ इंचाचा घेर २५ च्या कमरेत बसवायचाय. मशीनची मोठी टीप मारून दोरा ओढला तर एका बाजूला डोंगर आणि दुसरीकडं सपाट. परत ओढायला भीती वाटते, कापड जुनं.

क्लासवाल्या_काकू
मशीनच्या दोऱ्यानं नको. हातानं दोन धावदोरे घाल, एकमेकांपासून पाव इंचावर, शिलाईच्या रेघेच्या वर एक आणि खाली एक. अख्ख्या घेराला सलग घालू नकोस. घेराचे चार समान भाग कर, चार खुणा. कमरेचेही चार, म्हणजे पुढचा मध्य, मागचा मध्य आणि दोन बाजू. खुणेला खूण टाचून घे आणि प्रत्येक चौथ्या भागाचा दोरा वेगळा ओढ. साडेतेरा इंचाचे सव्वासहा करायचे, एवढंच. ओढलेलं टोक टाचणीभोवती आठाच्या आकड्यासारखं गुंडाळून ठेव.

आणि टाचण्या मोजून लाव. बारा लावल्या तर बारा निघाल्या पाहिजेत. एक जरी कमी भरली तर फ्रॉक लेकराच्या अंगात जाणार नाही, मग रात्रभर शोधावं लागलं तरी चालेल.

निपाणीकर_मास्तर
बाजूच्या शिलाईच्या कडा उघड्या ठेवू नका ताई, जुनं सूत सुटत राहतंय. खालच्या घेराच्या सांध्याला आधी सुलट बाजू बाहेर ठेवून कडेलगत टीप मारा, मग उलटवून तिच्यावरून दुसरी. कडा आत बंद होतात, अंगाला काही घासत नाही. वरच्या भागाला अस्तर आहे, तिथं कडा अस्तर आणि कापडाच्या मध्ये जातील असं जोडा. गळ्याला आणि मुंढ्याला पट्टी लावायची ती तिरपी कापा, कापडाच्या आडव्या-उभ्या सुताला कोनात, सव्वा इंच रुंद. सरळ पट्टी गोलाईवर बसत नाही, मुडपते. आणि ती पट्टी मलमलीची करा, इरकलीची नको.

शहापूरची_लेक
बारा लावल्या, बारा काढल्या. चुण्या समान आल्या, एकदम समान. मुंढ्याची पट्टी दोनदा उसवली, तिसऱ्यांदा बसली. फटीला गुंडी आजीच्याच डब्यातली, शिंपल्याची. काठाच्या वर वाढीची टक घातली, त्यासाठी मोठा धावदोराच वापरला, म्हणजे पुढच्या वर्षी उसवताना खुणा राहणार नाहीत.

कडोलीची_मीच
ताई, तुमचा धागा वाचून मी काल आईचं उसवलेलं पोलकं बाहेर काढलं. लाल आणि निळं वेगळं झालं होतं त्या जागी मागून मलमलीची पट्टी ठेवून हातानं बारीक टाक्यांनी दोन्ही कडा त्या पट्टीवर बसवल्या. ओढ आता पट्टीवर येते. मुलीला ते आता लहान होतं, पण भाचीला बसेल. आणि आईला सगळं सांगितलं. ती म्हणाली, मला तेव्हाच कळलं होतं, तू धुणं एकटी वाळत घालायचीस.

हिंडलग्याचा_बाबा
माझाही झाला. साधा छापील सुती, साडेचारच्या फटीचा. डोक्यातून एका झटक्यात गेला.

शहापूरची_लेक
दसरा झाला, म्हणून लिहायला आले. सकाळी कपिलेश्वराला नेलं, संध्याकाळी सोनं द्यायला गल्लीत फिरली. घालायच्या आधी तिनं एकच विचारलं, खिसा कुठाय? खिसा नव्हता. अर्ध्या तासात घातला, उरलेल्या तुकड्यातला, उजव्या हाताला. आजीचा रफू बरोबर त्याच्या खाली येतो. घरोघरी मिळालेली आपट्याची पानं सगळी त्यात कोंबली, रात्री झोपेपर्यंत काढू दिली नाहीत.

निपाणीकर_मास्तर
खिशाच्या मागं आतनं अस्तराचा तुकडा लावलाय न्हवं? पोरं खिशात दगड घालतात, सगळी ओढ दोन कोपऱ्यांवर येते आणि जुनं कापड तिथंच फाटतंय.

शहापूरची_लेक
नव्हता लावला मास्तर. आत्ता लावतेय, ती शाळेत गेलीय तोवर.